माशांची पोटगी

आमच्या हॉलच्या पूर्वेकडच्या भिंतीला पाच फूट मोकळी जागा होती आणि तिच्यावर घरातल्या प्रत्येकाचा डोळा होता. सासूबाईंना तिथे मोठं देवघर हवं होतं, ह्यांना पुस्तकांचं कपाट, आणि मला ती जागा मोकळीच आवडत होती. मुलाने कुणाशी वाद घातला नाही. त्याने एका दुकानदाराकडून एस्टिमेट आणलं आणि माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच काचेची टाकी, आत जिवंत वनस्पतींचं रान आणि त्यात मासे. खाली बेरीज, १,९९,२०० रुपये. दोन लाखांच्या आत बसवून दाखवायची दुकानदारांची ही रीत मला नवी नाही.

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात गेली. कागद हातात आला की आधी बेरीज तपासायची आणि मग प्रत्येक रक्कम एकूण रकमेच्या शेकडा किती ते काढायचं, ही खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. बेरीज बरोबर होती. बारा मिलिमीटर जाडीच्या, हिरवट झाक नसलेल्या काचेची टाकी ३८,०००. खालचं लोखंडी स्टँड आणि त्याला प्लायवूडचं कपाट २२,०००. एलईडी दिवा ३०,०००. दिव्याला तीस हजार हे मी दोनदा वाचलं, तर मुलगा म्हणाला, "आई, ही ट्यूबलाइट नाही, झाडांचा सूर्य आहे." टाकीबाहेर ठेवायचा कॅनिस्टर फिल्टर २४,०००. कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर, रेग्युलेटर आणि तो वायू पाण्यात सोडायची व्यवस्था १६,०००. तळाला घालायची खास माती, नऊ लिटरची पिशवी ३,५०० प्रमाणे सात पिशव्या, म्हणजे २४,५००. दगड आणि लाकूड १४,०००. झाडं १८,०००. कातर, चिमटे, पाणी तपासायचा किट, नळ्या असं किरकोळ ५,२००.

आणि मासे ७,५००. शेकडा पावणेचार.

ज्यांच्या नावाने हा खटाटोप, त्यांचा बिलात पंचविसावा हिस्साही नाही. निऑन टेट्रा म्हणून एक मासा असतो, बोटाच्या पेराएवढा, अंगावर निळी रेघ आणि शेपटीकडे लाल. एकाची किंमत ३५ रुपये. कातर-चिमट्यांचा संच १,४०० चा. म्हणजे एका संचाच्या पैशात चाळीस जीव. दगडाला भाव आहे, कारण तो कुणीतरी निवडून, धुऊन, वाहून आणलाय. काचेला भाव आहे, कारण भट्टीला खर्च आहे. जीव मात्र स्वतःच स्वतःला घडवतो, त्याची मजुरी कुणी लावत नाही, म्हणून तो स्वस्त.

हा झाला भांडवली खर्च. तो आम्हाला झेपणारा होता. मला अडलं ते दुसरीकडेच. ३५ रुपयांना विकत घेतलेल्या जिवाचं आपण काय देणं लागतो, आणि ते कधी फिटतं का?

घरात हा प्रश्न काढला तेव्हा सासूबाई जपमाळ खाली न ठेवता म्हणाल्या, "फिटत नसतंय. घरात पाण्याचा घडा ठेवला तेव्हाच ते लागलं की." त्यांचं वय शहाऐंशी. औशाच्या त्यांच्या वाड्यात रोज वैश्वदेव होत असे आणि तो का करायचा हे त्यांच्या सासऱ्यांनी त्यांना सांगितलं होतं. गृहस्थाच्या घरात पाच ठिकाणी नकळत हत्या होते, त्या ठिकाणांना सूना म्हणतात. चूल, जातं, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. चुलीत किडे जळतात, जात्यात भरडले जातात, झाडताना मरतात, आणि पाण्यातले आपल्याला दिसतही नाहीत. त्याची भरपाई म्हणून रोज पाच यज्ञ. त्यातला एक भूतयज्ञ, म्हणजे स्वतः जेवायच्या आधी कावळा, कुत्रा, गाय, मुंगी यांचा वाटा काढायचा.

मला या कल्पनेतली हिशेबाची बाजू भावली. घडा फोडून टाका, असं कुठे म्हटलेलं नाही. संसार करायचा तर घडा लागणारच. पण त्याच्यापायी रोज सकाळी नवं देणं उभं राहतं आणि ते त्याच दिवशी द्यायचं असतं. आमच्या खात्यात याला आवर्ती खर्च म्हणतात. भांडवली खर्चाचा प्रस्ताव घेऊन येणारा प्रत्येक उत्साही माणूस आवर्ती खर्चाचा रकाना कोरा ठेवून येतो, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. मुलाच्या एस्टिमेटमध्ये तो रकानाच नव्हता.

पाच सूनांची ही यादी मनुस्मृतीत आहे आणि मनुस्मृतीचं नाव आमच्या घरात सहजासहजी घेतलं जात नाही. ते का, याकडे मी येणार आहे. आधी दुसऱ्या मनूची गोष्ट.

शतपथ ब्राह्मणात ती येते. मनू सकाळी हात धूत असतो आणि ओंजळीत एक इवलासा मासा येतो. मासा म्हणतो, मला वाढव, पुढे मी तुला वाचवीन. कसं वाढवू, असं मनू विचारतो, तेव्हा मासा सगळी योजनाच सांगतो. आम्ही लहान असतो तोवर मोठे मासे आम्हाला गिळतात, म्हणून आधी घड्यात ठेव. घडा पुरेनासा झाला की खड्डा खण. तोही पुरेनासा झाला की समुद्रात सोड, मग मला धोका नाही. ही गोष्ट लहानपणी ऐकली तेव्हा लक्ष प्रलयाकडे आणि नावेकडे होतं. एस्टिमेट हातात घेऊन पुन्हा आठवली तेव्हा लक्षात आलं की यात एक करार आहे आणि त्याच्या अटी माशाने ठरवल्यात. घडा हा संरक्षणासाठी आहे, मुदतीचा आहे, आणि शेवट समुद्रात आहे. मनूने तो घडा हॉलमध्ये मांडून पाहुण्यांना दाखवला असता तर पुढचा पुराणेतिहास वेगळा झाला असता.

आमच्या माशांना समुद्र नाही. सोडायचं म्हटलं तरी सोडता येत नाही, हे उजनीला जाऊन कुणालाही कळेल. दुकानात सकर म्हणून एक मासा मिळतो, काचेवरचं शेवाळ खातो म्हणून लोक हौसेने घेतात. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. टाकीत तो वाढत वाढत हातभर होतो. मग माणसं कंटाळतात आणि मारण्याचं पाप नको म्हणून नदीत, तळ्यात सोडतात, वर जीवदान दिल्याचं समाधान. आज तो उजनीच्या जलाशयात माजलाय. अंगावर हाडाचं कवच आणि काटे, त्यामुळे कोळ्यांची जाळी फाटतात, आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. पुण्य एकाने कमावलं, जाळं दुसऱ्याचं फाटलं.

गणपतीचं बरं असतं. मातीची मूर्ती आणली, प्राणप्रतिष्ठा केली, दीड दिवस, पाच दिवस, झेपेल तितकी सेवा केली, मग उत्तरपूजा करून अक्षता टाकल्या की आपण मोकळे. आपल्या लोकांनी देवालासुद्धा घरातून निरोप द्यायची सोय करून ठेवली, कारण कायमचा पाहुणा संसाराला झेपत नाही हे त्यांना ठाऊक होतं. टाकीला उत्तरपूजा नाही.

तरी टाकी आली. नातवंडांच्या आणि मुलांच्या हट्टापुढे तत्त्वज्ञान कुठल्या घरात टिकलंय? भाच्याने, तो सिव्हिल इंजिनिअर आहे, वजनाचा हिशेब केला. सोळा घनफूट म्हणजे साडेचारशे लिटर पाणी. काच, माती, दगड, स्टँड धरून सातशे किलोच्या आसपास, तेही आठ चौरस फुटांवर. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला दोनशे किलोच्या भाराने धरतात. म्हणून टाकी बीमवर, भिंतीला चिकटून, असं ठरलं आणि तो विषय मिटला.

मांडणीचा दिवस मात्र माझ्या लक्षात राहिला. मुलगा आणि त्याचा मित्र सकाळपासून कोरड्या टाकीत दगड फिरवत होते. एक दगड दोन बोटं डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. लाकूड असं टेकवायचं की जणू एखाद्या जुन्या पुरात वाहत येऊन इथे अडकलंय. त्याच्यावर शेवाळाचे पुंजके काळ्या दोऱ्याने बांधायचे, आणि दोरा दिसता कामा नये. फिल्टरच्या नळ्या मागे, झाडांच्या आड. तकाशी अमानो हा जपानी छायाचित्रकार त्यांचा गुरू. तरुणपणी सायकलच्या शर्यती करायचा, १९८२ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली आणि पाण्याखालच्या बागांची एक नवी शैली जगभर नेली. लिस्बनच्या मत्स्यालयात त्याने चाळीस मीटर लांबीची, एक लाख साठ हजार लिटरची बाग मांडली आणि त्याच वर्षी, २०१५ मध्ये, तो वारला. मुलाच्या खोलीत त्याचा फोटो आहे. या शैलीची सगळी परीक्षा एकच, माणसाचा हात लागलाय हे कळू द्यायचं नाही.

कपाटाची जागा गमावलेल्या ह्यांनी तेव्हा सोफ्यावरून एक पुस्तकी सूड उगवला. म्हणाले, "तुमच्या छंदाचा जनक कोण माहितीये का? फिलिप हेन्री गॉस." हा इंग्रज निसर्ग-अभ्यासक आणि कट्टर ख्रिस्ती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उभं राहिलं त्यात त्याचा हात होता, आणि पुढच्याच वर्षी त्याने मत्स्यालयावर लिहिलेल्या पुस्तकाने घराघरात काचेच्या टाक्यांचं वेड पसरलं. याच गॉसने १८५७ मध्ये आणखी एक पुस्तक लिहिलं. खडकांतले थर आणि जीवाश्म सांगत होते की पृथ्वी फार जुनी आहे, बायबल सांगत होतं की ती सहा दिवसांत झाली. गॉसने तोड काढली की देवाने जग घडवलं तेच जुनं दिसेल असं. आदमला आई नव्हती तरी त्याला नाभी होती. पहिल्याच दिवशीच्या झाडाच्या खोडात वर्षावर्षाची वलयं होती. शास्त्रज्ञांनी ते मानलं नाही आणि भाविकांनाही रुचलं नाही, कारण मग देवाने खडकांत खोटा इतिहास लिहून ठेवला असा अर्थ व्हायचा.

मी टाकीकडे पाहिलं. आज सकाळी दुकानातून आलेलं लाकूड, आणि पन्नास पावसाळे त्याने त्याच जागी काढल्याचा आव. आमच्या हॉलमध्ये आदमची नाभीच घडवणं चाललं होतं. मला त्यात खोटेपणा वाटला नाही, हे कबूल करते. रांगोळी काढणाऱ्या बाईला खोटं म्हणत नाहीत. पण गॉसच्या आयुष्याचा पुढचा भाग मला जास्त लागला. त्याचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये वडिलांवर पुस्तक लिहिलं, त्यात तो सांगतो की वडिलांची पुस्तकं वाचून हौशी लोकांच्या झुंडी डेव्हनच्या किनाऱ्यावर लोटल्या आणि खडकांतली पाण्याची डबकी त्यांनी ओरबाडून रिकामी केली. ज्या डबक्यांवर गॉसने जीव टाकला ती त्याच्या प्रेमामुळेच उजाड झाली, आणि त्याला ते बघावं लागलं. बिल गॉसने भरलं नाही, किनाऱ्याने भरलं.

आपल्याकडेही तसं बिल फाटतंय. दुकानदार आम्हाला एक मासा गळ्यात मारत होता, मिस केरळ. चंदेरी अंग, बाजूला काळा पट्टा आणि त्यावर लालभडक रेघ. हा सह्याद्रीचा, केरळ-कर्नाटकातल्या घाटातल्या नद्यांचा रहिवासी. २०१३ मध्ये त्याच्या प्रजातीसमूहाला सह्याद्रिया असं नावही मिळालं. टाक्यांसाठी इतका धरला गेला की आज तो संकटग्रस्त यादीत आहे. मी म्हटलं, हा नको. दुकानदार म्हणाला, "मॅडम, आता फार्मचे पण येतात." येत असतील. कुठला फार्मचा आणि कुठला नदीतला हे तो मला लिहून देईना, तेव्हा विषय संपला. आम्ही घेतले ते निऑन, मूळ ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, पण बाजारात येणारे बहुतेक पिढ्यानपिढ्या टाक्यांतच निपजलेले. मला वाटलं, निदान कुठली नदी तर आपण रिकामी केली नाही.

शेजारच्या काकांनी तेवढंही समाधान ठेवलं नाही. ते सोलापूरकडचे जैन, रात्री जेवत नाहीत, पाणी गाळून पितात. टाकी बघायला आले, हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "सुंदर आहे, वहिनी. पण आमच्या अहिंसाव्रताला पाच अतिचार, म्हणजे दोष, सांगितलेत. मारणं त्यात दुसरं येतं. पहिलं येतं बांधून ठेवणं."

ते गेल्यावर मी तत्त्वार्थसूत्र काढून बघितलं, तसंच आहे. बांधणं, मारणं, अवयव तोडणं, झेपेना इतकं ओझं लादणं आणि अन्नपाणी अडवणं. दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांना गाठून म्हटलं, "काका, हे मासे जन्मले तेच काचेत. यांना कुणी पकडून बांधलेलं नाही."

"तुरुंगात जन्मलेल्या मुलाला काय म्हणाल, मोकळं?"

सासूबाई दारातच होत्या. "कृष्ण तुरुंगातच जन्मला की."

"पण त्याच रात्री बाहेर काढला ना त्याला, काकू!"

तिघेही हसलो आणि वाद तिथेच राहिला. काकांचं म्हणणं मला आजही खोडता आलेलं नाही. एवढंच म्हणेन की ते वाटतं तितकं सरळ नाही. ब्राझीलमध्ये रिओ नेग्रोच्या काठावर बार्सेलोस नावाचं गाव आहे, तिथली कुटुंबं होडीतून जाऊन निऑनचाच भाऊबंद कार्डिनल हा मासा हातजाळ्याने पकडतात आणि जगभरच्या टाक्यांना विकतात. या मिळकतीवर त्यांचं घर चालतं म्हणून त्यांना जंगल तोडावं लागत नाही, असं तिथे काम करणारे अभ्यासक सांगतात. म्हणजे फार्मचा मासा घेऊन मी नदी वाचवली की तिच्या राखणदाराची मिळकत तोडली? पाण्यात हात घातला की कुठलाच हिशेब एका रकान्यात बसत नाही.

न बांधता मासे राखल्याचं एक ठिकाण मी पाहिलंय. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड म्हणून डोह आहे. काठाला वरदायिनी देवी. डोहातले महसीर देवीचे, म्हणून ते कुणी धरत नाही. वरून खाऊ टाकला की काळ्या पाण्यातून हातभर लांबीची तपकिरी-सोनेरी धुडं वर येतात, तोंडं उघडतात आणि पुन्हा खाली जातात. वाट मोकळी आहे. पावसाळ्यात नदी फुगली की त्यांना हवं तिकडे जाता येतं. तिथे ना काच, ना दिवा, ना बिल. गावाने फक्त एक गोष्ट सोडली, ताटातला मासा.

परतताना आम्ही महाडला चवदार तळ्यावर थांबलो. मनुस्मृतीबद्दल मघाशी अर्धवट सोडलं ते इथलं. या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती आणि अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना मनाई होती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी आपल्या लोकांसह ते पाणी प्यायलं, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडातच मनुस्मृती जाळली. घड्यातल्या न दिसणाऱ्या जिवांसाठी रोज प्रायश्चित्त सांगणारा ग्रंथ, आणि त्याच्या छायेत वाढलेला समाज समोरच्या तहानेल्या माणसाला घड्याजवळ येऊ देत नव्हता. मुंगीला साखर घालणारे हात तेच. म्हणून मी सूनांची कल्पना सासूबाईंकडून घेते, ग्रंथाकडून नाही, आणि कुणी जीवदयेबद्दल फार बोलू लागलं की आधी त्यांच्या घरी पाणी कोण कुठून पितं ते बघते.

हे दुसऱ्यांबद्दल बोलणं सोपं. आमच्या टाकीला पहिल्या काही महिन्यांत दर आठवड्याला चाळीस टक्के पाणी बदलावं लागायचं. कारण साधं आहे. दिवा प्रखर, वर वायू सोडलेला, म्हणून झाडं भराभर वाढतात. वाढतात म्हणून खत जास्त. खत साचतं म्हणून पाणी बदला. आठवड्याला १८० लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर असं सरकारी मानक आहे. खेड्यातल्या नळयोजनेचं ५५. म्हणजे माझ्या निऑनच्या एका आठवड्याच्या पाण्यात खेड्यातल्या तिघांचा दिवस निघतो. मी लातूरची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आमच्या गावाला रेल्वेने पाणी आलं तेव्हा माझी आई तिकडे होती आणि भांडी घासलेलं पाणी दुसऱ्या बादलीत गाळून ठेवायची. ती आता नाही. असती तर या टाकीसमोर काय बोलली असती, त्याचा अंदाज मला आहे.

बोलल्या त्या आमच्या कामाच्या मावशी. मुलगा रबरी नळीने पाणी बाथरूमच्या मोरीत सोडत होता. मावशी पोछा हातात घेऊन उभ्या राहिल्या. "दादा, हे टाकून देताय व्हय? आमच्याकडं दिवसाआड तासभर येतंय." आवाजात तक्रार नव्हती, खरंच विचारत होत्या.

त्या आठवड्यापासून पाणी बादल्यांनी खाली सोसायटीच्या झाडांना जातं, माशांच्या विष्ठेने ते चांगलं खतावलेलं असतं. पण त्याने मावशींच्या नळाला पाणी आलं नाही, हे मला कळतं. खरा बदल उन्हाळ्याने करवला. आम्ही राहतो त्या पुण्याच्या धायरीत एप्रिलपासून टँकर सुरू झाले. खडकवासल्याचं पाणी मऊ, टँकरचं बोअरवेलचं, बसाल्टातून मुरलेलं, जड. नाजूक झाडं पिवळी पडली, काचेवर चुन्याचे पट्टे उमटले. मी मुलाला म्हटलं, झाडांची हाव कमी कर. डायना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंचं १९९९ चं पुस्तक त्यानेच मला दाखवलं होतं. साधी माती, मंद उजेड, वायू नाही, आणि बरंचसं काम झाडांवर आणि जिवाणूंवर सोडलेलं. तसं केलं. लाल, वेगाने वाढणारी झाडं काढली. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन अशी सावकाश वाढणारी ठेवली. सोळा हजारांची वायूची व्यवस्था गॅलरीत गेली. पाणी आता दहा-बारा दिवसांनी शंभरेक लिटर. दिव्याची वेळ सहा तासांवर आणली, वीज महिन्याला पस्तीसेक युनिट. टाकी पूर्वीइतकी फोटोसारखी दिसत नाही, थोडी काळपट दिसते. मला ती अशी जास्त खरी वाटते, पण माझ्या डोळ्याला कुणी विचारत नाही.

सकाळी सात वाजता खायला घालायचं काम माझं. झाकण उघडलं की अख्खा थवा पुढच्या काचेशी येतो. चिमूटभर दाणे पाण्यावर पडतात, वरचे मासे उड्या घेतात, आणि तळाचे कोरीडोरास मासे मिशांनी मातीत नाक खुपसून सांडलेलं शोधतात. सासूबाईंना हे फार आवडतं. गुडघ्यांमुळे त्यांना गच्चीवर कावळ्याला घास ठेवायला जाता येत नाही, म्हणून एकदा म्हणाल्या, "ह्यांना घातलं की माझा भूतयज्ञ होतोय. कावळ्याचं ह्यांनाच मोजते."

मी सहसा त्यांना उलट बोलत नाही. तेव्हा बोलले. म्हटलं, "आई, तसं नाही धरता येत. कावळा मोकळा आहे. तो आला, खाल्लं, नाही आला, तर दुसरीकडे खाईल. त्याला देणं हे दान. ह्यांना आपण आणून कोंडलंय, ह्यांना दुसरं दारच नाही. ह्यांना घालतो ती पोटगी." कोर्टाने बांधून दिलेली पोटगी वेळेवर भरणाऱ्या नवऱ्याला कुणी दानशूर म्हणत नाही. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मग माझा घास खिडकीच्या गजाशी ठेवत जा तू." तेव्हापासून दोन्ही होतं. आधी खिडकीत, मग टाकीत.

आणि ज्याने हे लग्न लावलं तो गेला जर्मनीला. कंपनीने दोन वर्षांसाठी पाठवलं. पितृऋण मुलाने फेडायचं असं ऐकत आले, इथे मुलाचं ऋण आईच्या नावावर चढलं. पहिल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तो म्हणाला, "आई, तुला त्रास होत असेल तर विकून टाक. पन्नास-साठ हजार सहज येतील." चौकशी केली. काचेला, दिव्याला, फिल्टरला भाव होता. एका गृहस्थांनी दगडसुद्धा किलोवर मागितले. मासे? "ते राहू द्या, मॅडम, कुणाला तरी द्या." ३५ रुपयांचा घसारा पूर्ण झाला होता, पुस्तकी किंमत शून्य. मी विक्री रद्द केली. दयेने नाही. शून्य किमतीची वस्तू ताळेबंदातून काढता येते, पण ती सकाळी सात वाजता काचेशी येऊन उभी राहत असेल तर ती कुठल्या रकान्यात दाखवायची, हे मला कुठल्या लेखासंहितेत सापडलं नाही.

मग दिवाळीनंतर लातूरला लग्न निघालं. घर आठवडाभर बंद. मोठे मासे चार दिवस उपाशी राहू शकतात, असं सगळे सांगतात, पण आठवडा मला पटेना. सोसायटीत किल्ली द्यावी असे एकच घर, आणि नेमके तेच काका. मी भीत भीत विचारलं. म्हटलं, "तुमच्या तत्त्वात बसत नसेल तर स्पष्ट सांगा."

ते थोडे रागावलेच. "वहिनी, पाच अतिचार तुम्हीच वाचलेत ना? पहिला तुम्ही केलात. पाचवा माझ्या हातून कशाला करवताय? अन्न अडवणं मला चालत नाही. किल्ली ठेवा."

मी डबीवर कागद चिकटवला, सकाळी सात, दोन चिमूट, सायंकाळी नाही, दिवा आपोआप लागतो. लग्नाच्या मांडवात, नेमकी वरमाला चालू असताना, त्यांचा फोन आला. मला धस्स झालं. बाहेर येऊन घेतला.

"वहिनी, एक विचारायचं होतं. दोन चिमूट लिहिलंत, पण चिमूट कुणाची? तुमची बोटं बारीक आहेत."